नोमच्या वाटेवरच्या बायका



घरात तान्हं बाळ असलं की दीड महिन्याची, अडीच महिन्यांची आणि साडेतीन महिन्यांची सुई आपण बरोबर लक्षात ठेवतो. बाळ रात्रभर किरकिरतं, मांडी लाल होते, तरी नेतोच. त्या एका सुईत पाच रोगांवरची लस असते आणि त्यांतला एक रोग म्हणजे घटसर्प. गाई-म्हशी पाळणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, घटसर्प तर जनावरांना होतो. नाव एकच, पण तो रोग वेगळा. माणसाचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. घशात करडा पापुद्रा धरतो, श्वास अडतो आणि मूल गुदमरतं. आज ज्या शर्यतीबद्दल मी बोलणार आहे, तिची गोष्ट सांगताना लोक नेहमी या रोगापासून सुरुवात करतात. मीही तिथूनच करते, पण मला थांबायचं आहे जरा पुढे.

जानेवारी 1925. अमेरिकेच्या पार उत्तर-पश्चिम टोकाला अलास्का, आणि अलास्काच्याही पश्चिम किनाऱ्यावर नोम नावाचं गाव. वस्ती चौदाशेच्या आसपास. हिवाळ्यात समुद्र गोठतो, त्यामुळे बोट येत नाही. आगगाडी तिथपर्यंत पोहोचलेलीच नव्हती. त्या काळची विमानं उघडी, आणि तीही हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली. गावात डॉक्टर एकच, कर्टिस वेल्च. लहान मुलं घशाच्या दुखण्याने दगावू लागली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा घटसर्प आहे, आणि दवाखान्यातलं औषध जुनं झालेलं आहे. हे औषध म्हणजे आजची लस नव्हे; रोग झाल्यावर त्याचं विष मारणारं ते प्रतिविष होतं. ते मिळालं अँकरेज शहरात. तिथून आगगाडीने नेनानापर्यंत आलं आणि पुढचा सुमारे 1085 किलोमीटरचा रस्ता कुत्र्यांच्या गाड्यांनी काढला.

ही गाडी म्हणजे स्लेज. चाकं नाहीत, खाली लाकडी पट्ट्या, बर्फावरून घसरत जाते. पुढे कुत्र्यांच्या जोड्या, सगळ्यांत पुढे म्होरक्या. हाकणारा मागे पट्ट्यांवर उभा. त्याच्या हातात लगाम नसतो. उजवीकडे वळायला एक हाक, डावीकडे वळायला दुसरी, बाकी सगळं म्होरक्याच्या अकलेवर. हाकणाऱ्याला तिकडे मशर म्हणतात.

वीस मशर आणि दीडशेच्या आसपास कुत्रे. एकाने आणायचं, पुढच्याच्या हाती द्यायचं. यांतले बरेचसे मशर अथाबास्कन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजाचे होते. सर्वांत लांबचा आणि धोक्याचा पल्ला लेनर्ड सेपाला याने तोगो या म्होरक्याच्या जोरावर काढला. औषध घ्यायला समोर जाणं आणि ते घेऊन परतणं मिळून सुमारे 420 किलोमीटर, त्यातही गोठलेल्या समुद्राचा तुकडा. शेवटचा टप्पा गुनार कासेनचा, म्होरक्या बाल्टो. 2 फेब्रुवारीच्या पहाटे औषध नोमला पोहोचलं. नेनानापासून साडेपाच दिवसही लागले नाहीत.

त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पुतळा उभा राहिला तो बाल्टोचा. गावात शेवटी जो शिरतो तोच लोकांना दिसतो. तोगोचं नाव मोठं व्हायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली. आणि औषध आल्यावर घरोघर जाऊन, आजाऱ्यांच्या उशाशी बसून ते देणारी नर्स एमिली मॉर्गन? तिचं नाव शोधावं लागतं.

असो. या धावेनंतर चाळीस वर्षांत सगळं पालटलं. डाक विमानाने जाऊ लागली. 1963 साली कुत्र्यांच्या गाडीने डाक नेण्याचा शेवटचा मार्गही बंद झाला. मग स्नोमोबाइल आली, म्हणजे बर्फावर चालणारी मोटरसायकलच म्हणा. तिला रोज मासे घालावे लागत नाहीत आणि रात्री ती भुंकतही नाही. ज्या गावांत दारोदार कुत्र्यांचे कळप असत, तिथे आता पत्र्याच्या टपाखाली इंजिन उभं राहू लागलं. कुत्र्यांबरोबर त्यांची निवड, त्यांना शिकवणं, हार्नेस शिवणं, त्यांच्यासाठी उन्हाळाभर मासे चिरून वाळवणं हे सगळं ज्ञानही जाऊ लागलं. यातलं निम्मंअधिक काम बायकांच्या हातचं होतं, हे सांगायला नकोच.

इथे डोरोथी पेज येते. वासिला नावाच्या लहानशा गावातली बाई. ती मशर नव्हती, कुत्र्यांची गाडी हाकणं हा तिचा उद्योग नव्हे. रशियाकडून अमेरिकेने अलास्का विकत घेतला 1867 साली, त्याला शंभर वर्षं होणार म्हणून जागोजाग समित्या झाल्या होत्या, आणि तिच्या भागातल्या समितीची ती अध्यक्ष होती. शताब्दीला काय करायचं? आपल्याकडे भाषणं आणि हारतुरे झाले असते. हिने म्हटलं, ज्या प्राण्यांनी हा प्रदेश वसवला त्यांची शर्यत घेऊ, आणि तीही सोन्याच्या शोधाच्या काळातल्या जुन्या वाटेवर. त्या वाटेचं नाव आयडिटारॉड. त्याच नावाचं सोन्याच्या खाणींचं गाव वाटेत होतं. सोनं संपलं, गाव ओस पडलं.

नुसत्या कल्पनेने काही होत नाही. मशर लोक तिला हसण्यावारी नेत होते. मग तिला जो रेडिंग्टन भेटला. हा कुत्र्यांत बुडालेला माणूस. त्याने आणि त्याची बायको वाय हिने आपल्या जमिनीतला एक एकर देऊन टाकला. त्याचे फूट-फूट तुकडे विकून बक्षिसाची रक्कम उभी केली. 1967 साली जुन्या वाटेच्या एका तुकड्यावर दोन दिवसांची छोटी शर्यत झाली. पुढे रेडिंग्टनने हट्ट धरला की थेट नोमपर्यंत जायचं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण 1973 च्या मार्चमध्ये अँकरेजहून 34 गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या 22 नोमला पोहोचल्या. अंतर हजार मैलांहून जास्त, म्हणजे सोळाशे किलोमीटरच्या वर. पहिला येणाऱ्याला वीस दिवस लागले. डोरोथी पेजला आज तिकडे आयडिटारॉडची आई म्हणतात आणि वासिलाच्या संग्रहालयाला तिचं नाव देण्यात आलं.

पहिल्या वर्षी सगळे पुरुष. दुसऱ्या वर्षी, 1974 साली, दोन बायका उतरल्या. मेरी शील्ड्स आणि लॉली मेडली. मेरीच्या म्होरक्याचं नाव कॅबेज, म्हणजे कोबी! यावरूनच ओळखा की शर्यतीसाठी मुद्दाम तयार केलेला तो ताफा नव्हता. तिची घरची, लळा लागलेली कुत्री होती ती. सुरुवातीलाच गर्दीतून कुणीतरी ओरडलं होतं की बाई, इथूनच परत फीर, तुला जमायचं नाही. हे पुढे तिनेच सांगितलं. अठ्ठावीस दिवसांहून जास्त वेळ घेऊन ती तेविसावी आली. नोमच्या बायका फलक घेऊन तिच्या स्वागताला उभ्या होत्या. तिच्या मागोमाग अर्ध्या-एक तासात लॉली आली. लॉली हार्नेस शिवायची. पुढे तिने उत्तम म्होरक्या कुत्र्यासाठी सोनेरी हार्नेसचं बक्षीस सुरू केलं. ते आजही तिच्या नावाने दिलं जातं.

या दोघी काही गाडी हाकणाऱ्या पहिल्या बायका नव्हेत. फेअरबँक्स शहरात बायकांच्या वेगळ्या छोट्या शर्यती आधीपासून होत, आणि 1950 च्या दशकात एफी कोक्राइन ही अथाबास्कन बाई तिथे जिंकत होती. आयडिटारॉडचं वेगळेपण असं की तिथे बायकांचा वेगळा गट नाही. वाट एक, नियम एक, बक्षीस एक.

आता ही शर्यत चालते कशी ते सांगते, कारण खरी गंमत त्यातच आहे. आपल्याला वाटतं, मशर मागे उभा राहतो, पळतात कुत्रे. पण कुत्रे साधारण पाच-सहा तास पळतात आणि तेवढाच वेळ विश्रांती घेतात. विश्रांती त्यांची, मशरची नव्हे. गाडी थांबली की आधी कुत्र्यांना गवत पसरायचं. मग बर्फ वितळवून पाणी करायचं, त्यात मांस, मासे, चरबी शिजवायची. पळणाऱ्या एका कुत्र्याला दिवसाला दहा हजारांवर उष्मांक लागतात, म्हणजे आपल्यासारख्या चार-पाच माणसांचं खाणं. मग प्रत्येकाचा प्रत्येक पंजा हातात घेऊन बोटांच्या मधे बघायचं, मलम चोळायचं. बर्फाच्या कडांनी पंजे चिरू नयेत म्हणून कापडी मोजे असतात. चौदा कुत्रे म्हटले तर छप्पन्न मोजे, आणि उणे तीस-चाळीस अंशात ते उघड्या बोटांनी बांधायचे. फाटले की बदलायचे. कोण खात नाही, कुणाचं पोट बिघडलंय, कोण उगाच दुसऱ्यावर गुरगुरतोय, हे बघायचं. थकलेल्या किंवा लंगडणाऱ्या कुत्र्याला मधल्या ठाण्यावर पशुवैद्याच्या ताब्यात द्यायचं. त्याच्या जागी नवा घेता येत नाही. एवढं झाल्यावर तास-दीड तास उरला तर मशरने डोळा मिटायचा.

हे ऐकताना तुम्हांला काही ओळखीचं वाटलं का? मला वाटलं. ताकद लागते, नाही असं नाही. पण शेवटी कुत्रे कुणाचे खाताहेत आणि कुणाचे तोंड फिरवताहेत, यावर शर्यत ठरते.

1985 साली लिबी रिडल्स अठ्ठावीस वर्षांची होती. मूळची विस्कॉन्सिनची, पण पोरवयातच अलास्काला आलेली. 1980 आणि 1981 साली ती आयडिटारॉडमध्ये उतरली आणि अठरावी-विसावी आली. तिच्या लक्षात आलं की आपले कुत्रेच आपल्याला आधी घडवायला हवेत. ती नोमच्याही पुढे, टेलर या इनुपियाक वस्तीत जाऊन राहिली. तिथे जो गार्नी या स्थानिक मशरबरोबर तिने कुत्रे वाढवले.

त्या वर्षी हवा इतकी वाईट होती की वाटेवरच्या ठाण्यांवर कुत्र्यांचं खाणं पोहोचवणारी विमानं उडेनात. शर्यत दोनदा थांबवावी लागली, आणि असं पूर्वी कधी झालं नव्हतं. ज्या बाईकडून जिंकण्याची खरी अपेक्षा होती ती सुझन बुचर. 1982 आणि 1984 साली ती दुसरी आली होती. पण सुरुवातीच्याच टप्प्यात वाटेवर एक मूस उभं राहिलं. मूस म्हणजे हरणाच्या जातीतलं, घोड्याहून उंच जनावर. ते तिच्या कुत्र्यांत घुसलं आणि त्यांना तुडवू लागलं. दोन कुत्रे गेले, बरेच जखमी झाले. मागून आलेल्या मशरने गोळी घातली तेव्हा ते थांबलं. सुझनची शर्यत तिथेच संपली.

लिबी शाकतूलिकला पोहोचली तेव्हा बाहेर वादळ चढत होतं. पुढचं ठाणं कोयुक, नव्वद-एक किलोमीटर, आणि मधला बराच रस्ता गोठलेल्या समुद्रावरून. झाड नाही, टेकडी नाही, आडोसा नाही. वाट दाखवायला फक्त बर्फात रोवलेल्या काठ्या. जाणत्या लोकांचं म्हणणं एकच, आता निघू नये. तिच्या पाठोपाठ आलेल्यांनी तिथे थांबायचं ठरवलं. ती निघाली.

एका काठीपाशी जायचं, थांबायचं, वारा जरा फाटला आणि पुढची काठी दिसली की तिथवर जायचं. अंधार पडल्यावर तेही जमेना. मग तिने बर्फावरच गाडी थांबवली, कुत्र्यांना खायला घातलं, गाडीतलं सामान बाहेर काढलं आणि स्वतः गाडीच्या कापडी पिशवीत शिरली. अंगावरचे ओले कपडे त्या अडचणीत बदलले. रात्र तशीच काढली. कुत्रे अंगाची वळकटी करून, नाकावर शेपूट घेऊन बर्फाखाली पडून राहिले. सकाळी वादळ तसंच होतं. तिने पुन्हा कुत्रे जोडले, म्होरके ॲक्सल आणि डुगन पुढे झाले आणि काठी-काठी करत ती कोयुकला लागली. 20 मार्चला ती नोमच्या रस्त्यावर शिरली तेव्हा 18 दिवस आणि 20 मिनिटं झाली होती. दुसरा मशर तिच्यानंतर दोन-अडीच तासांनी आला. बक्षीस पन्नास हजार डॉलर.

जगभर तिचा फोटो छापून आला. त्याबरोबर अशीही कुजबुज सुरू झाली की हे नशिबाने झालं, वादळात जुगार खेळली आणि दान पडलं.

याला उत्तर द्यायला लिबीला काही करावं लागलं नाही. ते सुझनने दिलं. 1986, 1987, 1988 आणि 1990 अशी चार वेळा सुझन बुचर पहिली आली, आणि 1986 ला तिने शर्यतीचा आधीचा विक्रमही मोडला. मग लोक म्हणू लागले की बायका वजनाने हलक्या असतात म्हणून जिंकतात. (आधी वजन नाही म्हणून जमणार नाही, मग वजन नाही म्हणून जमलं!) सुझनकडे शंभरावर कुत्रे असत. पिल्लू जन्मल्यापासून ती त्याला हाताळायची, आपल्या आवाजाची आणि श्वासाची सवय लावायची. ग्रॅनाइट नावाचं एक मरतुकडं, कुणी विकत घेईना असं पिल्लू तिने वाढवलं, आणि त्याच्याच म्होरकेपणाखाली ती जिंकली.

पण माझ्या मते तिचं सर्वांत मोठं वर्ष 1991. त्या वर्षी ती जिंकली नाही. नोमपासून सव्वाशे किलोमीटर उरले असताना व्हाइट माउंटन या ठाण्याहून ती सगळ्यांत आधी निघाली होती. पुढे भयानक वादळ. तिने बघितलं, ठरवलं आणि गाडी मागे फिरवली. आणखीही काही जण परतले. रिक स्वेन्सन मात्र पुढे गेला आणि पाचव्यांदा जिंकला. सुझन तिसरी आली.

सहा वर्षांपूर्वी लिबी पुढे गेली म्हणून तिचं नाव झालं, आणि सुझन मागे फिरली म्हणून तिचं पाचवं विजेतेपद गेलं. मला दोघींच्या निर्णयात फरक दिसत नाही. आपले कुत्रे आत्ता, या घडीला, काय सोसू शकतील हे दोघींना कळत होतं. एकीचे सोसू शकत होते, दुसरीला भरवसा वाटला नाही. स्वेन्सननेही आपले कुत्रे ओळखूनच पाऊल टाकलं असेल. पण पुढे गेल्याची गोष्ट लोक सांगतात. मागे फिरल्याची गोष्ट जिंकलेल्यांच्या यादीत मावत नाही.

सुझन 2006 साली रक्ताच्या कर्करोगाने गेली, एक्कावन्नाव्या वर्षी. अलास्का राज्याने मार्चचा पहिला शनिवार, म्हणजे शर्यत सुरू होण्याचा दिवस, तिच्या नावाने पाळायचं ठरवलं आहे. तिच्यानंतर डीडी जॉनरो ही स्तनाच्या कर्करोगाची केमोथेरपी संपल्यावर तीन आठवड्यांत शर्यतीला उभी राहिली, ते साल 2003; आणि तिने ती पूर्ण केली. अली झर्कल 2012, 2013, 2014 अशी सलग तीन वर्षं दुसरी आली. 2016 साली रात्रीच्या अंधारात एका नशेतल्या माणसाने तिच्या गाडीवर स्नोमोबाइल घातली. तरीही ती तिसरी आली. पण 1990 नंतर 2025 पर्यंत एकही बाई पहिली आलेली नाही.

या शर्यतीला विरोधही मोठा आहे, आणि तो पोकळ नाही. सुरुवातीच्या वर्षांत बरेच कुत्रे मेले. त्यानंतर वाटेवर पशुवैद्य आले, सक्तीची विश्रांती आली, तपासण्या आल्या, तरी 2024 साली तीन कुत्रे दगावले. प्राणिमित्र संघटना म्हणतात शर्यत बंद करा. काही मोठ्या कंपन्यांनी पैसे देणं थांबवलं. मशर म्हणतात, या कुत्र्यांना धावण्यापासून रोखून बघा, मग कळेल. मला दोन्हींकडचं पटतं, आणि ते सोयीचं नाही. ज्यांची सगळी विद्या म्हणजे कुत्र्याचं दुखणं ओळखणं, त्यांच्याच शर्यतीत कुत्रा मरतो तेव्हा उत्तर द्यावंच लागतं.

आता तर बर्फच कमी पडतोय. 2003, 2015, 2017 आणि 2025 साली नेहमीच्या वाटेवर पुरेसा बर्फ नव्हता म्हणून शर्यत फेअरबँक्सहून सोडावी लागली. 2016 साली अँकरेजच्या रस्त्यांवर टाकायला आगगाडीने बर्फ आणला!

एक प्रथा सांगायची राहिली. शर्यत सुरू झाली की नोमला शेवटच्या कमानीवर एक कंदील लावतात. पूर्वी वाटेवरच्या ठाण्यांवर असा दिवा लावत, कोणीतरी अजून बाहेर बर्फात आहे याची खूण म्हणून. पहिला येणारा आता आठ-दहा दिवसांत पोहोचतो, टाळ्या होतात, कॅमेरे निघून जातात. कंदील मात्र विझवत नाहीत. शेवटची गाडी येते, शेवटच्या कुत्र्याचे मोजे सुटतात, आणि तो शेवटचा मशर, बाई असो की बुवा, स्वतःच्या हाताने तो दिवा मालवतो.